डायल वाचवायची असेल, तर क्राउन बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांचं ओमेगा कॉन्स्टेलेशन घड्याळ, 1960 च्या दशकातलं, स्टीलचं, ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं), तारखेचं. बरीच वर्षं कपाटात पडून होतं. हातात घेऊन हलवलं की चालू होतं, रात्रीतून कधीतरी थांबतं. एका घड्याळजींनी पाहून सांगितलं, ‘डायल, काटे, काच, क्राउन (चावी द्यायची बाजूची कळ) सगळं नवं टाकतो, पॉलिश मारतो, शोरूममधून आणल्यासारखं करून देतो.’ दुसरे म्हणाले, ‘ओरिजिनल पीस आहे, कशाला हात लावू नका, नुसतं तेल देऊन चालू करून देतो.’ आता ऐकायचं कुणाचं?

कुणाचंच नाही. पहिल्याचं का ऐकायचं नाही हे तुम्हाला उमगलेलं आहे, म्हणून तर तुम्ही विचारताय. पण मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते, कारण त्याचं बोलणं कानाला गोड लागतं. घड्याळातलं तेल वर्षानुवर्षं तसंच राहत नाही. काही उडतं, काही पसरतं, उरलेलं गोंदासारखं घट्ट होतं, आणि त्यात धूळ नि धातूचा बारीक चुरा मिसळलेला असतो. त्यावर ताजं तेल सोडलं की तो वाळलेला मळ ओला होतो आणि चाकांच्या पिव्हटना, म्हणजे ती ज्या टोकांवर फिरतात त्यांना, कानशीसारखा घासायला लागतो. बॅलन्स म्हणजे झुलून वेळ मोजणारं चाक. त्याच्या स्टाफचं, म्हणजे अक्षाचं, टोक जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीचं असतं. त्याला खायला कितीसा वेळ लागणार? घड्याळ चालू होतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि वर्षभराने तेच घड्याळ माझ्याकडे येतं तेव्हा जे भाग पुसून पुन्हा वापरता आले असते ते टाकून द्यावे लागतात.

मूळ भाग राखणं म्हणजे काहीच न बदलणं, असा एक समज पक्का बसलाय. माझा अनुभव उलटा आहे. ठरावीक चार-पाच वस्तू वेळेवर बदलल्या तरच बाकीचं घड्याळ मूळचं राहतं. तेव्हा कुठल्या चार-पाच, आणि ते कुणी ठरवायचं, एवढाच खरा प्रश्न आहे. ते घड्याळ उघडण्याआधी ठरायला हवं आणि कागदावर यायला हवं.

तुमच्याच घड्याळाचा क्राउन घ्या. त्या काळच्या बऱ्याच कॉन्स्टेलेशनला दहा पैलूंचा क्राउन असायचा, टोकाला ओमेगाची खूण. हौशी माणसं त्याच्यासाठी जीव टाकतात आणि मीही टाकतो. पण त्या क्राउनच्या पोटात एक गॅस्केट, म्हणजे ओल अडवणारी कडी, असतं. साठ वर्षांत ते दगडासारखं कडक होतं किंवा डांबरासारखं वितळतं. मग मनगटाचा घाम आणि हवेतली ओल स्टेमच्या (क्राउनच्या दांडीच्या) नळीतून सरळ आत जाते. आत गेल्यावर ती काय करते हे मी भिंगाखाली शेकडो वेळा पाहिलंय. आधी स्टेमवर तांबूस पावडर दिसते. मग चावी आणि वेळ लावायच्या बारक्या तरफांवर गंज चढतो. आणि त्याच सुमाराला डायलवर तीनच्या बाजूला, तारखेच्या खिडकीच्या कडेने, वरच्या पारदर्शक लॅकरला मोहरीएवढे फोड येतात. तो फोड पुन्हा बसत नाही. म्हणजे मूळ क्राउन राखायच्या नादात मूळ डायल गेली. क्राउन पुन्हा जुना बसवायला पाच मिनिटं लागतात. गेलेली डायल कुठून आणणार?

म्हणून मी असं करतो: घड्याळ हातावर वापरायचं असेल तर कंपनीचाच नवा क्राउन बसवतो आणि जुना छोट्या पिशवीत घालून मालकाच्या हातात देतो. नव्या सर्व्हिस क्राउनचा आकार जुन्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. न जुळो. घड्याळ वर्षातून दोनदा, लग्नाकार्यालाच काढायचं असेल, तर जुना क्राउन राहू द्या.

आता डायल. सगळ्यात जास्त घड्याळांची वाट इथे लागते, त्यामुळे इथे जरा थांबतो.

डायल म्हणजे पितळेचा पातळ पत्रा, त्यावर चांदीचा किंवा रंगाचा थर, त्यावर छपाई, आणि बहुतेक वेळा वर पारदर्शक लॅकर. काळाने लॅकर पिवळा पडतो, ठिसूळ होतो, कधी कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकतो. छपाई या लॅकरच्या भरवशावर टिकून असते. तिला पाणी चालत नाही, स्पिरिट तर नाहीच, बोटाचा घामसुद्धा चालत नाही. शिकाऊ असताना एका जुन्या घड्याळाच्या डायलवर मला एक डाग दिसला. मालकांनी सांगितलेलं नव्हतं, उस्तादांनीही सांगितलेलं नव्हतं. मीच उत्साहाने ओल्या कापसाचा बोळा फिरवला. डाग जागच्या जागी राहिला आणि कंपनीच्या नावाची पहिली दोन अक्षरं कापसावर उतरली. घड्याळाचे मालक ओरडले नाहीत. घड्याळ घेतलं, आणि जाताना तो कापूसही मागून घेतला. त्यानंतर मी जुन्या डायलवर रबरी फुग्याच्या हवेपलीकडे काही वापरलेलं नाही. तोंडाने फुंकरसुद्धा नाही, कारण फुंकरीत थुंकी असते. धूळ उचलायची जी हिरवट पुट्टी सगळे वापरतात, ती मशीनला उत्तम. पण जुन्या छपाईवर दाबली तर छपाई घेऊनच वर येते.

‘डायल रिफिनिश करून देतो’ म्हणजे काय, हेही समजून घ्या. जुना थर घासून काढतात, नवा रंग देतात, नवी छपाई मारतात. कॉन्स्टेलेशनची पाय-पॅन डायल बारा पैलूंची असते, मधे सपाट आणि कडेला उतरती. उजेडात तिरकी धरली की प्रत्येक पैलूची धार वेगळी दिसते. घासली की त्या धारा बोथट होतात आणि डायल उपड्या बशीसारखी गुळगुळीत दिसायला लागते. नव्या छपाईत अक्षरांची जाडी चुकते, मिनिटांच्या रेषा वर बसवलेल्या इंडेक्सच्या, म्हणजे तासांच्या खुणांच्या, नेमक्या मध्यावर येत नाहीत, तळाचं ‘स्विस मेड’ एक तर जाड होतं नाहीतर वर सरकतं. घरी 10 पट भिंग असेल तर आज रात्रीच बघा. तुमची डायल आधीच कुणी रंगवलेली निघाली, तर तिच्यासाठी इतका जीव पाखडायची गरज उरत नाही आणि बरेचसे निर्णय सोपे होतात.

भिंग हातात आहेच तर काट्यांच्या भोकाभोवतीही बघा. तिथे गोलाकार ओरखडे दिसले तर आधीच्या कुणीतरी डायलवर संरक्षक कागद न ठेवताच काटे उपटले होते. तुमच्या नव्या घड्याळजींची परीक्षा घ्यायलाही ही जागा चांगली आहे. आधी फोटो काढा, सर्व्हिसनंतर तिथेच पुन्हा बघा.

डायल मशीनला दोन बारीक पायांनी धरलेली असते. एखादा पाय तुटलेला निघाला तर ‘डाग देऊन (सोल्डर करून) जोडतो’ असं म्हणणाऱ्याला हात जोडा. डाग देताना लागणारी उष्णता पुढच्या बाजूचा रंग भाजून टाकते. पाय नसला तरी डायल जागेवर बसवता येते, पातळ चिकट ठिपक्यांनी. दिसायला ते गावठी वाटेल, पण उलटवता येतं.

काटे आणि अंधारात चमकणारा लेप. बोलताना आपण चमकणाऱ्या कशालाही रेडियम म्हणतो, मग तो स्टिकर का असेना. पण 1960 च्या आधीच्या बऱ्याच घड्याळांत खरोखरच रेडियम असायचं. त्यानंतर ट्रिटियम आलं, ते 1990 च्या दशकाच्या शेवटापर्यंत चाललं, आणि मग किरणोत्सारी नसलेला ल्युमिनोव्हाच्या जातीचा लेप आला. ट्रिटियमच्या डायलवर तळाशी ‘स्विस’ शब्दाच्या शेजारी बहुधा इंग्रजी ‘टी’ अक्षर छापलेलं असतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षं, त्यामुळे 1960 च्या दशकातला लेप आज जवळपास मेलेला असतो. रेडियमचं अर्धायुष्य मात्र 1600 वर्षं. ते चमकत नाही याचा अर्थ ते संपलं असा नव्हे. त्याच्यासोबत मिसळलेलं चमकणारं द्रव्य जळून गेलेलं असतं, रेडियम तिथेच असतं. असं घड्याळ हातात घातल्याने लगेच काही होत नाही. पण काच काढून काटे खरवडणं, किंवा सुटलेला लेप फुंकरीने उडवणं, हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण धोका त्या धुळीत आहे. ती श्वासावाटे आत जाऊ नये. घरी उघडू नकाच, आणि ज्यांच्याकडे देणार त्यांना आधी सांगा.

खात्री करायची साधी युक्ती आहे. अंधारात यूव्ही टॉर्च मारा आणि बंद करा. टॉर्च विझल्यावरही लेप मिनिटभर हिरवा चमकत राहिला, तर तो नंतर भरलेला आहे. जुना ट्रिटियमचा लेप टॉर्चखाली थोडा उजळतो आणि टॉर्चबरोबर लगेच विझतो. डायलवरचे ठिपके एका तऱ्हेने वागतात आणि काटे दुसऱ्या, असं दिसलं तर दोघांपैकी एक पाहुणा आहे. तुमच्या कॉन्स्टेलेशनवर असा लेप नसण्याची शक्यता बरीच आहे. तसं असेल तर एक काळजी कमी. असेल, आणि काट्यातून तुकडे सुटत असतील, तर ‘नवा लेप भरू नका, मागच्या बाजूने पातळ बाइंडर (चिकटवणारं द्रव्य) देऊन आहे तोच धरून ठेवा’ असं सांगा. जमतं ते.

केसबद्दल, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाबद्दल, मी फार बोलणार नाही. पॉलिश नाही. एवढंच. स्टील घासलं की स्टील कमी होतं आणि ते परत येत नाही. पट्टा जिथे बसतो त्या कानांच्या वरच्या धारा आधी जातात, मग कानांची भोकं अंडाकृती दिसायला लागतात. तुमच्या घड्याळाच्या मागच्या झाकणावर वेधशाळेचं चित्र आणि त्यावर आठ तारे असतील. अंगठा फिरवून बघा. घुमटाच्या कडा बोटाला लागत असतील तर झाकण नशीबवान आहे. तारे साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखे विरघळलेले वाटले तर आधी दोन-तीनदा पॉलिश होऊन गेलंय. रोजच्या वापराच्या ओरखड्यांना हात लावू नका. आजोबांनीच पाडलेत ते. केसमधून मशीन बाहेर काढून साबणाच्या कोमट पाण्यात केस स्वच्छ करणं ही वेगळी गोष्ट, ती जरूर करावी. सांध्यांतला मळ ओल धरून ठेवतो आणि स्टीलमध्येही खड्डे पाडतो.

काचेचा मोह सोडा. त्या काळची काच अॅक्रिलिकची असते, ती झिजायला आणि बदलायलाच बनवलेली असते. ओमेगाच्या मूळ काचेत नेमक्या मध्यावर एक सूक्ष्म खूण कोरलेली असते, भिंगाशिवाय दिसत नाही. ओरखडेच असतील तर पॉलिशच्या पेस्टने ती काच दहा मिनिटांत लखलखते. केससाठी जे पाप ते काचेसाठी पुण्य. कडेने तडा गेलेला असेल तर मात्र बदलाच, तडा म्हणजे ओलीला दिलेलं दार. नवी घेताना खूण असलेली मागा. सगळी गॅस्केटं आणि पट्टा धरणाऱ्या काड्या, म्हणजे स्प्रिंगबार, बिनदिक्कत नव्या. साठ वर्षांची स्प्रिंगबार तुटून घड्याळ फरशीवर आपटलं, तर मग वर लिहिलेल्या सगळ्याला अर्थ नाही.

आता मशीन. त्या काळच्या तारखेच्या कॉन्स्टेलेशनमध्ये बहुधा कॅलिबर (म्हणजे मशीनचं मॉडेल) 561 असतं. तांबूस रंगाचं, हंसाच्या मानेसारखी बारीक कमान असलेलं, तासाला 19,800 ठोके. माझ्या मते ओमेगाने बनवलेल्या सगळ्यात प्रामाणिक मशीनांपैकी एक. यात ओळख म्हणाल तर ती ब्रिजवर, म्हणजे चाकं धरणाऱ्या पट्टीवर, कोरलेल्या सिरियल नंबरात आहे. त्या काळात ओमेगाचा नंबर मशीनवर असे. रोलेक्सचा केसवर, दोन कानांच्या मधे. हा फरक लक्षात ठेवा, कारण ‘दुसऱ्या मशीनचा चांगला ब्रिज टाकतो’ असं कुणी सहज बोलून गेला तर तुमच्या घड्याळात तो सहज होणारा बदल नाही. आजोबांच्या घड्याळाचा जन्मदाखलाच त्यावर आहे. उघडल्या उघडल्या त्या नंबराचा फोटो घ्या.

रात्रीत थांबण्याचं कारण काय असेल? एक चाचणी घरी करता येते, पण एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको. घड्याळ न हलवता क्राउनने चाळीसेक वेळा चावी द्या आणि टेबलावर ठेवून द्या. दीड-दोन दिवस चाललं तर मूळ मशीनला ताकद आहे, दोष आपोआप चावी भरणाऱ्या भागात आहे. काही तासांत थांबलं तर मेन स्प्रिंग (चावीची ताकद साठवणारी) थकलीये, किंवा तिच्या टोकाची पट्टी ती ज्या डब्यात गुंडाळलेली असते त्याच्या भिंतीवरून वेळेआधीच घसरतेय, किंवा नुसतंच तेल सुकलंय. मेन स्प्रिंग ही बदलायचीच वस्तू आहे. ‘मूळ स्प्रिंग ठेवा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी वाद घालतो आणि बहुधा जिंकतो. ऑटोमॅटिकमध्ये डब्याच्या भिंतीला खास घट्ट ग्रीस लागतं, साधं ग्रीस लावलं की नवी स्प्रिंगसुद्धा घसरते आणि रात्रीत थांबण्याचा तोच आजार परत. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ‘सर्व्हिस करूनही थांबतं’ म्हणून आलेल्या अशा घड्याळांपैकी बऱ्याच घड्याळांत दुसरा काही दोष नसतो.

झाकण उघडल्यावर त्याच्या आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखा चकचकीत ओरखडा आहे का, ते बघायला सांगा. असला तर रोटरच्या (फिरून आपोआप चावी भरणाऱ्या वजनाच्या) अक्षाची जागा झिजून रोटर खाली लोंबतोय आणि झाकण खरवडतोय. घड्याळ हलवताना आतून खरखर येत असेल तर तेच. इथेही क्राउनसारखंच. ती झिजलेली चिमुकली जागा नवी केली नाही, तर रोटर मूळ झाकण आणि मूळ ब्रिज दोन्ही खात राहणार, आणि त्यातून पडणारी धातूची भुकटी सगळ्या मशीनभर फिरणार.

बॅलन्सच्या बाबतीत एक शब्द नीट ऐका: ‘कम्प्लीट’. स्टाफ मोडला किंवा झिजला असेल तर दोन मार्ग असतात. एक, बॅलन्स कम्प्लीट बदलणे, म्हणजे चाक, हेअरस्प्रिंग (चाकाला झुलवणारी केसाएवढी स्प्रिंग), स्टाफ सगळं एकदम नवं. अर्ध्या तासाचं काम. दुसरा, जुना स्टाफ लेथवर कापून काढून नवा स्टाफ मूळ चाकात बसवणे, मग चाक तोलून घेणे. त्याला अर्धा दिवस जातो आणि हात बसलेला लागतो. क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेच्या चाचणीत उतरलेलं, म्हणून प्रमाणित झालेल्या मशीनचं मूळ चाक आणि मूळ हेअरस्प्रिंग यांची जोडी एकमेकांसाठी जुळवलेली असते. ती मोडू नये. स्टाफ बदला, बॅलन्स ठेवा.

सर्व्हिस म्हणजे मशीन पूर्ण सुटं करणं, धुणं, चाकांची टोकं ज्यात फिरतात त्या प्रत्येक दगडाचं (माणकाचं) छिद्र काडीने साफ करणं, आणि जागेनुसार वेगवेगळं तेल देणं. हळू फिरणाऱ्या, जोर घेणाऱ्या चाकांना जाड तेल, बॅलन्सच्या टोकांना पातळ, पॅलेटच्या (एकेक ठोका सोडणाऱ्या तरफेच्या) दगडांच्या तोंडाला वेगळं, आणि पॅलेटच्या पिव्हटना काहीच नाही. एकच बाटली घेऊन बसलेला माणूस दिसला तर घड्याळ उचलून घरी या. आणखी एक खाचखळगा: पॅलेटचे दगड लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. घड्याळजींना सहज विचारा, ‘पॅलेट कशात धुता?’ प्रश्न ऐकून ते हसले आणि लाखेचा विषय त्यांनीच काढला, तर समजा बरोबर ठिकाणी आलात.

कंपनीकडे द्यावं की स्वतंत्र घड्याळजीकडे? दोन्हीकडे चांगली कामं पाहिली आहेत, दोन्हीकडे रडवणारीही. कंपनीकडे भाग असतात, यंत्रं असतात, कागद असतो. पण कंपनीचा हिशेब असा असतो की घड्याळ आजच्या निकषांवर उतरलं पाहिजे, पाणी अडवलं पाहिजे, चमकलं पाहिजे. त्या हिशेबात जुनी डायल हा दोष ठरू शकतो. माझ्या ओळखीच्या एकांचं घड्याळ एका सर्व्हिस सेंटरमधून नव्या डायलसह परत आलं, अगदी देखणं. जुनी डायल मागितली तर कळलं की भाग अदलाबदलीच्या तत्त्वावर दिला होता, जुना परत मिळत नाही. फॉर्मवर ते बारीक अक्षरात छापलेलं होतं आणि त्यांची सही खाली होती. स्वतंत्र घड्याळजी तुमचं ऐकतो, पण बऱ्याच कंपन्या बाहेरच्या घड्याळजींना भाग देत नाहीत किंवा मोजकेच देतात. मग तो जुन्या मशीनांतून भाग काढतो. त्यात वाईट काही नाही, त्याच कॅलिबरचा, त्याच काळाचा चांगला भाग असेल तर मला तो नव्या नकली भागापेक्षा केव्हाही बरा वाटतो. फक्त त्याने ते सांगायला हवं.

कुणाकडेही द्या, पावतीवर हे लिहून घ्या, शब्दाला शब्द: ‘डायल, काटे आणि इंडेक्स यांवर रंग, छपाई, लेप किंवा सफाई करू नये. केस, झाकण आणि ब्रेसलेट पॉलिश करू नये. मशीनची किंवा ब्रिजची अदलाबदल करू नये. मेन स्प्रिंग, गॅस्केट, स्प्रिंगबार बदलण्यास संमती आहे. बाकी कुठलाही भाग बदलण्याआधी फोटो पाठवून विचारावे. बदललेला प्रत्येक भाग, तुटका असला तरी, परत द्यावा.’ खाली सिरियल नंबर. क्राउनचं काय ठरवलं तेही लिहा. कुणी म्हणालं, ‘एवढं लिहून द्यायची आमच्याकडे पद्धत नाही’, तर तुमचं त्यांच्याकडे काही काम नाही. फोटो सहा पुरेत: समोरून, तिरक्या उजेडात डायल, दोन्ही कुशी, झाकण बाहेरून, आणि उघडल्यावर मशीन.

परत घेताना चाल मोजणाऱ्या टायमिंग मशीनवरचा निकाल मागा. सहा स्थितींतला मिळाला तर उत्तम. पूर्ण चावी भरून, डायल वर ठेवून, अॅम्प्लिट्यूड (म्हणजे बॅलन्सचा झोका) 270 अंशांच्या आसपास किंवा वर असावा. एक गंमत आहे इथे. यंत्राला लिफ्ट अँगल, म्हणजे ठोका पडताना बॅलन्स किती अंश फिरतो ते, सांगावा लागतो. या ओमेगाला तो 49 अंश, पण यंत्रात बहुधा 52 भरलेला असतो. तसाच राहिला तर अॅम्प्लिट्यूड आहे त्यापेक्षा पंधराएक अंशांनी फुगून दिसतो. लबाडी असतेच असं नाही, विसरतात. विचारा. दिवसाला दहा-पंधरा सेकंदांचा फरक राहिला तर कुरकुर करू नका. आणखी नेमकं करून द्या म्हणून मागे लागलात तर कुणीतरी हेअरस्प्रिंगला चिमटा लावेल.

जपणुकीचं म्हणाल तर पाण्यापासून दूर, नवी गॅस्केटं असली तरी. फोनच्या स्पीकरवर किंवा बॅगेच्या चुंबकी बटणावर ठेवू नका. पाच-सहा वर्षांनी पुन्हा सर्व्हिस, वापरा किंवा न वापरा. कपाटात तेल सुकायचं थांबत नाही, हे तुमच्याच घड्याळाने दाखवलंय. बदललेले भाग छोट्या पिशवीत, वर तारीख लिहून, घड्याळाच्या डबीतच ठेवा. विकायची वेळ आलीच तर जाणता गिऱ्हाईक आधी ती पिशवी मागतो.

झाकण उघडतील तेव्हा शक्य असेल तर समोर बसा. आतल्या बाजूला, कडेने, सुईने कोरलेली बारीक अक्षरं आणि आकडे दिसतील. आधीच्या घड्याळजींच्या खुणा आहेत त्या, कधी नुसती आद्याक्षरं, कधी महिना आणि साल. साफ करताना त्या घासून काढू देऊ नका. फोटो काढून मला पाठवा. साल लागलं, तर आजोबांनी ते शेवटचं कधी उघडायला दिलं होतं ते सांगता येईल, आणि त्यावरून आतलं तेल किती जुनं आहे तेही.